१२३४५६५४३२१ : एका संख्येचे लेखन, वाचन आणि इतिहास

मावळातील संख्यावाचक शब्दांचे टिपण करण्याच्या निमित्ताने गेली काही वर्षे प्रस्तुत लेखकाचे कामशेत येथे जाणे-येणे आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यातील हे गाव पुणे-मुंबई लोहमार्गावर वसलेले असून आसपासच्या खेड्यांचा भात येथे येतो. त्यामुळे मापांची जुनी परिभाषा वृद्ध माणसांच्या तोंडी अद्याप ऐकू येते. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे कोष्टक त्यांना पाठ आहे. धान्य मापताना पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत त्यांनी टाकलेली नाही. विसांच्या गटाला 'कोडी' म्हणणारेही भेटतात. या सर्व शब्दांचा विशेष असा की, त्यांच्यामागे नेहमी कोणती तरी वस्तू उभी असते. संख्या म्हणून संख्येचा उच्चार या परिभाषेत सहसा होत नाही.

ज्या संख्येमागे मोजण्याजोगे काहीच नाही अशी एखादी मोठी संख्या लोक कशी वाचतात हे पाहावे, या हेतूने एका कागदावर १२३४५६५४३२१ एवढे अकरा अंक, मध्ये स्वल्पविराम न देता, लिहून तो कागद अनेकांपुढे ठेवला. एका वृद्ध व्यापाऱ्याने पेन्सिलीने उजवीकडून प्रथम तीन अंक तोडले, मग दोन-दोन तोडत तो डावीकडे गेला, आणि नंतर एका दमात म्हणाला, "बाराशे चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस." एका निवृत्त शिक्षकांनी 'बाराशे चौतीस कोटी'च्या जागी 'बारा अब्ज चौतीस कोटी' असे शास्त्रशुद्ध वाचन केले. बाकी सर्वांनी कोटीवरच भागविले. (द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यानंतर मावळात कोटी हा शब्द जमिनीच्या व्यवहारामुळे घरोघर पोहोचला, अब्जाचे भाग्य अजून उघडलेले नाही.) परंतु लेखकास महत्त्वाची वाटली ती गोष्ट निराळीच होती. मोठ्याने वाचीत असता या संख्येच्या आकाराकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. वाचन संपवून कागदाकडे पुन्हा पाहिल्यावर मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या चेहऱ्यावर किंचित आश्चर्य उमटले : अंक एकापासून सहापर्यंत चढतात आणि त्याच पायऱ्यांनी एकापर्यंत उतरतात.

हे कानाला का कळू नये? याचे उत्तर मराठीच्या घटनेत आहे. दोन अंकी संख्येचे नाव उच्चारताना मराठी भाषा एकक आधी सांगते व दशक मागून सांगते. चौतीसमध्ये चार आधी, तीस नंतर. हा वारसा संस्कृताचा असून बहुतेक भारतीय आर्यभाषांत तो आढळतो. शतक, सहस्र, लक्ष यांच्या बाबतीत मात्र क्रम उलट, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे असा आहे. उपर्युक्त वाचनातील अंक ज्या क्रमाने कानावर पडतात त्या क्रमाने मांडले तर पुढील ओळ मिळते : दोन, एक, चार, तीन, सहा, पाच, चार, पाच, तीन, एक, दोन. या ओळीत ना चढण आहे, ना उतरण. डोळ्यांना जी सममिती एका क्षणात दिसते ती उच्चारात पूर्णपणे मोडून जाते. ही संख्या ऐकून कोणालाही सुचण्यासारखी नाही. ती पाहूनच सुचली पाहिजे. पुढील विवेचनाचा आधार ही साधी वस्तुस्थिती आहे.

प्रथम गणिताचे थोडके. गणित हा लेखकाचा प्रांत नव्हे. तथापि येथे लागणारे गणित शाळेतल्या गुणाकारापलीकडचे नाही. ही संख्या १११११ १ या सहा एकांच्या संख्येचा, म्हणजे १,११,१११ चा वर्ग आहे. १११११ ही पाच एकांची, त्यांना शेवटी आणखी एक जोडला की सहा. त्या सहा एकांना त्याच सहा एकांनी गुणताना कागदावर सहा ओळी येतात, प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. आता स्तंभांची बेरीज करावी. अगदी उजव्या स्तंभात एकच एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे सहाव्या स्तंभापर्यंत वाढत जाऊन पुढे ते पुन्हा घटत जातात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून स्तंभातील एकांची संख्या हीच त्या स्थानाचा अंक होते. सर्व अंकांची बेरीज ३६, म्हणजे सहाचा वर्ग. आणि ती तशी असणारच, कारण मांडलेले एक सहा गुणिले सहा इतकेच आहेत. १,११,१११ चे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७ असे पाच. त्या प्रत्येकाचा वर्ग आपल्या संख्येत आहे, आणि त्यामुळे तिला पूर्ण भाग देणाऱ्या संख्या, तिला स्वतःला व एकाला धरून, २४३ आहेत.

या गुणधर्मांत दोन जाती आहेत, त्या वेगळ्या करणे अवश्य आहे. वर्ग असणे, पाच अवयव असणे, २४३ भाजक असणे हे त्या संख्येचे स्वतःचे गुण होत. ती कोणत्याही लिपीत लिहिली तरी ते बदलणार नाहीत. अंकांची चढ-उतार हा मात्र लेखनपद्धतीचा गुण आहे. यंत्रगणकाच्या द्विमान पद्धतीत केवळ शून्य आणि एक हे दोनच अंक असल्यामुळे तेथे ही माळ दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सहा एकांच्या वर्गाची हीच रचना दिसण्यासाठी पाया सहाहून मोठा पाहिजे. दशमान पद्धतीत नऊ एकांपर्यंत निभावते आणि १२३४५६७८९८७६५४३२१ ही भरदार संख्या मिळते. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे निघते. चढताना आठ गळतो आणि शिखरावर दोन शून्ये येऊन बसतात.

लेखनपद्धतीवर अवलंबून असलेल्या अशा गुणांना गणितज्ञ दुय्यम लेखतात, आणि त्यांच्या शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. इतिहासाच्या अभ्यासकाची दृष्टी मात्र नेमकी उलटी असावयास हवी. जो गुण लेखनावर अवलंबून आहे तो ज्याला दिसला, त्याच्या डोळ्यांपुढे ते लेखन होते, एवढे त्यावरून निश्चित होते. वर्ग आणि अवयव कोणत्याही काळात सापडू शकतात. माळ विशिष्ट काळातच दिसू शकते.

हे म्हणणे स्पष्ट होण्यासाठी कामशेतपासून फार दूर जावे लागत नाही. लोहमार्गावरील पुढचे स्थानक मळवली. तेथून कार्ल्याची लेणी जवळ आहेत. तेथील एका शिलालेखात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याचे नमूद आहे. त्या लेखात त्याच्या पूर्वीच्या दानांची जी यादी येते तीत तीन शतसहस्र, म्हणजे तीन लक्ष, गाईंचा उल्लेख असून प्रतिवर्षी शतसहस्र जनांना भोजन दिल्याचे म्हटले आहे. येथे लक्ष ही संख्या शब्दांनी सांगितली आहे, आणि तीही दोन पायऱ्यांनी : शंभर वेळा हजार. आकडे पाहावयाचे तर याच उषवदाताच्या नाशिक येथील लेखाकडे वळावे. तेथे तीन हजार कार्षापणांची ठेव व तिची दोन हजार आणि एक हजार अशी विभागणी, तसेच सत्तर हजार कार्षापणांची रक्कम, शब्दांनी सांगून पुढे चिन्हांनीही दिली आहे. त्याहून जुना नाणेघाटातील सातवाहनांचा लेख; त्यात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे सहस्रांच्या घरात जातात.

या सर्व लेखांतील अंकपद्धती आपली नव्हे. तेथे एकाला एक चिन्ह, दहाला दुसरे, शंभराला तिसरे, हजाराला चौथे. तीन हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हाला तिनाचे चिन्ह जोडावयाचे. सत्तर हजार लिहावयाचे तर त्याच चिन्हाला सत्तराचे. शून्य नाही, आणि स्थानावरून अंकाची किंमत बदलत नाही. अशा पद्धतीत एकशे अकरा लिहिले तर शंभराचे, दहाचे व एकाचे अशी तीन परस्परांहून भिन्न चिन्हे शेजारी येतील. एकाच अंकाची पुनरावृत्ती तेथे दिसणारच नाही. म्हणजे कार्ल्याच्या किंवा नाशिकच्या लेखकास १११ ही 'तीन एकांची संख्या' नव्हतीच. त्याला ती 'शंभर, दहा आणि एक' होती. त्या काळी हिशेब कच्चा होता असे यावरून समजण्याचे कारण नाही. पस्तीस कार्षापणांचे एक सुवर्ण या दराने सत्तर हजारांची दोन हजार सुवर्णे होतात हा हिशेब त्याच नाशिकच्या लेखात अचूक आहे. उणीव गणनेची नसून एका विशिष्ट प्रकारच्या दृश्याची आहे.

ते दृश्य आपल्याला स्पष्टपणे भेटते ते महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त. हा ग्रंथ इ. स. ८५० च्या सुमाराचा. आरंभी ग्रंथकाराने राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष नृपतुंग याची प्रशंसा केली आहे. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा त्याच घराण्याच्या सत्तेखाली होता. ग्रंथाची रंगाचार्यांनी केलेली इंग्रजी अनुवादासह आवृत्ती मद्रास येथे १९१२ मध्ये निघाली, आणि हिंदी अनुवादासह दुसरी आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. या ग्रंथात मूलभूत परिकर्मांची उदाहरणे देताना महावीराचार्य काही उत्तरे मुद्दाम अशी साधतात की ती गळ्यातील अलंकारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसावीत. अशा संख्येला त्यांनी कंठिका, म्हणजे गळ्यातील माळ, असे नाव दिले आहे. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात. १,५२,२०७ ला ७३ ने गुणले की आठ एक येतात. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एक येतात. आणि याच मालिकेत ४४१ व २७९९४६८१ यांच्याशी संबंध जोडून १२३४५६५४३२१ ही संख्या येते.

या दोन अवयवांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ४४१ हा २१ चा वर्ग. २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ म्हणजे तीन गुणिले सात, आणि ५२९१ म्हणजे अकरा, तेरा व सदतीस यांचा गुणाकार. सहा एकांच्या वर्गाचे पाच अवयव दोन टोपल्यांत वाटून मग त्या टोपल्या वेगवेगळ्या पुढे ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे. विद्यार्थ्यापुढे २७९९४६८१ ही संख्या येते तेव्हा तिच्या रूपात शोभेची एकही खूण नसते. ४४१ शी तिची गाठ पडली की माळ प्रकट होते. शिक्षकाची ही जुनी खोडी आहे, आणि तिच्यातील आनंद आजही कमी झालेला नाही.

भाषेच्या अभ्यासकाला याहूनही अधिक रस आहे तो महावीराचार्य ही संख्या कशा रीतीने सांगतात त्यात. संस्कृत गणितग्रंथांत मोठी संख्या श्लोकात बसविण्याची एक रूढ रीत अशी की चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार अशा संकेतशब्दांची मालिका द्यावयाची आणि ती उजवीकडून डावीकडे, एककापासून, लिहून घ्यावयाची. दुसरी रीत म्हणजे स्थानांची नावे घेऊन संख्या उच्चारणे. प्रस्तुत संख्येसाठी महावीराचार्यांनी या दोन्ही रीती बाजूला ठेवल्या आहेत. एकापासून आरंभ करून सहापर्यंत जाणारी व नंतर क्रमाने घटणारी, एवढेच त्यांचे वर्णन आहे. हे संख्येचे नाव नाही, तिच्या लिखित रूपाचे वर्णन आहे. अंक एकेका घरात बसतात, आणि घराची किंमत सांगितल्यावाचून समजते, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असे गृहीत धरल्याखेरीज असे वर्णन करता येणार नाही. शिवाय संख्या दोन्हीकडून सारखी असल्यामुळे लेखन उजवीकडून करावे की डावीकडून, हा संकेतशब्दांच्या रीतीतला नेहमीचा प्रश्नही येथे उरत नाही. ग्वाल्हेर येथील शून्ययुक्त अंकांचा सुप्रसिद्ध शिलालेख ८७६ सालचा, म्हणजे जवळजवळ समकालीन आहे. स्थानमूल्याची पद्धती त्याआधी कित्येक शतके विद्वानांना अवगत होती हे खरेच. परंतु तिचा उपयोग गणनेसाठी न करता निव्वळ सौंदर्यासाठी करावा, इतकी ती अंगवळणी पडल्याचा पुरावा म्हणून ही माळ मोलाची आहे.

महावीराचार्यांनी चोवीस स्थानांची नावे दिली आहेत, आणि त्यांतील बहुतेक जोडीजोडीने येतात : लक्ष व दशलक्ष, कोटी व दशकोटी. प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव असल्यामुळे त्यांच्या परिभाषेत आपली संख्या एक अर्बुद, दोन शतकोटी, तीन दशकोटी, चार कोटी, पाच दशलक्ष, सहा लक्ष, पाच दशसहस्र, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक अशी उच्चारता येईल. कामशेतच्या व्यापाऱ्याच्या तोंडून मोडलेली माळ या रीतीने कानालाही अखंड ऐकू येते. अर्थात असे कोणी बाजारात बोलत नसे, आजही बोलत नाही.

यानंतर आपण एकदम विसाव्या शतकात येतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास, महाविद्यालयीन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित-पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळाशिक्षक होते. त्यांनी ज्या संख्यांना 'डेमलो संख्या' असे नाव दिले, त्यांपैकी 'अद्भुत डेमलो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संख्या म्हणजे १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही मालिका. आपली संख्या तीत सहावी आहे. या विषयावरील त्यांचा लेख 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

नावाची कथा रंजक आहे. डेमलो हे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील, मुंबईपासून तीस मैलांवरील एक स्थानक. तेथे या संख्यांचा विचार त्यांच्या मनात आला म्हणून त्यांनी त्या स्थानकाचेच नाव संख्यांना दिले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते. पुण्याहून ठाण्याकडे जाणारी गाडी कामशेत, लोणावळा, कर्जत, कल्याण असे करीत त्याच डोंबिवलीवरून जाते. संख्यांना माणसांची नावे देण्याची प्रथा सर्वत्र आहे. रेल्वेच्या स्थानकाचे नाव मिळालेल्या संख्या लेखकाच्या पाहण्यात दुसऱ्या नाहीत.

आता एक सावधगिरी. 'डेमलो संख्यांचा शोध महावीराचार्यांनी हजार वर्षे आधीच लावला होता' असे विधान करण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. ते विधान दोघांवरही अन्याय करणारे आहे. महावीराचार्यांकडे माळा आहेत, माळांची व्याख्या नाही. प्रत्येक उदाहरण स्वतंत्र रत्नासारखे आहे. कापरेकरांनी वर्ग बांधला. त्यांच्या मते डेमलो संख्येचे आरंभ, मध्य व अंत असे तीन भाग पडतात, आणि आरंभ व अंत यांची बेरीज मध्यात पुनरावृत्त होते. १६५ मध्ये एक आणि पाच मिळून सहा. १६६५ व १६६६५ मध्ये तोच सहा दोनदा व तीनदा. १५ ला ११, १११, ११११ यांनी गुणले की ही कुटुंबे तयार होतात, आणि १५ च्या जागीही सर्व एकच असलेली संख्या घेतली की माळ मिळते. एकाने अलंकार घडविला. दुसऱ्याने त्या घडणीचा नियम पाहिला. दोघांनाही समान असलेली गोष्ट म्हणजे अंकांकडे अंक म्हणून, वस्तूंपासून सोडवून, पाहण्याची दृष्टी.

कापरेकरांच्या कामाची आरंभी आपल्या देशातील गणितज्ञांनी फारशी दखल घेतली नाही. चार अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेले असता जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर पोहोचावयाचे, हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध निष्कर्ष (चारही अंक एकच नसावेत एवढी अट) त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील परिषदेत मांडला. पण जगभर त्यांचे नाव झाले ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यानंतर. १९८६ मध्ये ते निवर्तले. हे निष्कर्ष दशमान लेखनाशी बांधलेले असल्याने खोल नाहीत, हा आक्षेप गणितापुरता मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, पावकी, निमकी, औटकी या पाठांतरांवर, म्हणजे सर्वस्वी कानावर, उभ्या असलेल्या आपल्या शालेय परंपरेत डोळ्यांनी गणित करणारा हा शिक्षक निराळाच होता.

कान आणि डोळा यांचा हा तंटा २०१९ मध्ये पुन्हा उफाळला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून पुढील संख्यांसाठी 'वीस एक', 'पन्नास चार' अशी वाचने देण्यात आली. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुलांना अडचण येते, हे त्यामागील कारण गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मांडले, आणि त्यावर वृत्तपत्रांतून व विधिमंडळातूनही टीकेचे मोहोळ उठले. 'चोपन्न', 'एकोणऐंशी' हे शब्द दीड-दोन सहस्रकांच्या ध्वनिपरिवर्तनाचे साक्षीदार आहेत. ते नाहीसे व्हावेत असे भाषेचा कोणताही अभ्यासक म्हणणार नाही. परंतु अडचण खरी आहे, हे आपल्या अकरा अंकांवरून दिसते. नव्या रीतीने वाचले तर क्रम असा लागतो : बारा, तीस चार, पन्नास सहा, पन्नास चार, तीनशे, वीस एक. पहिले 'बारा' तेवढे अडून बसते; उरलेली माळ सरळ होते.

कागद दाखविण्याचा प्रयोग करताना शेवटी तो स्थानकाबाहेरील एका दुकानात काम करणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलापुढे ठेवला होता. त्याने स्वल्पविराम दिले नाहीत, कोटी-लाख केले नाहीत. डावीकडून एकेक अंक वाचीत गेला : एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. कामशेतमध्ये ती माळ लेखकाने कानांनी ऐकली ती या एकाच वेळी. मग कागद परत देत तो म्हणाला, "सर, नंबर चुकलाय. एक आकडा जास्त आहे."